पांढऱ्या पँटवरचे पाच पट्टे

१

बँडमास्तरांना भाजलेल्यांच्या वॉर्डात आणलं ते स्ट्रेचरवर पालथं घालून. ते ओरडत होते, आणि तेही तालात. चाळीस वर्षं दुसऱ्यांकडून बँड वाजवून घेतलेला माणूस, वेदनेलासुद्धा त्यांनी चार मात्रांत बसवलं होतं. तीन मात्रा कण्हणं, चौथीला किंकाळी. तिसऱ्या आवर्तनापर्यंत वॉर्डातले जुने पेशंट श्वास धरून चौथ्या मात्रेची वाट बघायला लागले होते, असं सांगतात. खरंखोटं ते पेशंट जाणोत.

त्यांच्या मागोमाग एक वेटर आला. आपल्या पायांनी नव्हे, दोन पोलिसांच्या हातांनी. पन्नाशीचा माणूस, काळ्या जाकिटाच्या गुंड्या नीट लावलेल्या, हातात रिकामा ट्रे. ट्रे खाली ठेव असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं. त्याच्यामागे फौजदार, आणि सगळ्यांत मागे मास्तरांच्या पत्नी, नवऱ्याची सोनेरी काठाची टोपी छातीशी धरून.

फौजदारांनी दारातच प्रकरण उरकून टाकलं. नव्या पुलाच्या उद्घाटनाचा समारंभ होता. भाषणं सुरू होण्यापूर्वी या वेटरने मास्तरांच्या मांडीवर चहा सांडला. दीड तासाने भाषणं संपली, मास्तर छडी घेऊन उठले आणि एक धून वाजून व्हायच्या आत आडवे झाले. चहात अ‍ॅसिड होतं हे उघड होतं. वेटर कबूल होत नव्हता, पण सगळेच सुरुवातीला होत नाहीत.

"मास्तर जगले तर अ‍ॅसिडहल्ला, गेले तर खून," फौजदार म्हणाले, आणि दोन्हींचे कागद भरायला सारखाच वेळ लागत असल्यासारखी त्यांनी एक लांब जांभई दिली.

ही जांभई थोरल्या सिस्टरांना लागली. वॉर्डात सिस्टर तीन होत्या, पण 'थोरल्या' म्हटलं की एकच. त्यांच्या हाताविषयी पुष्कळ गोष्टी होत्या. एका पेशंटची सगळी पट्टी त्यांनी सोडवली, धुतली, नवी बांधली, आणि मग तो म्हणे विचारतो, "सिस्टर, सुरू कधी करणार?" आज मात्र त्या हाताला चौदा पट्ट्या झाल्या होत्या, पाय बुटात मावत नव्हते, आणि घरी नवऱ्याने सकाळी केलेली भाजी जळाली की उरली एवढीच उत्सुकता आयुष्यात शिल्लक होती. नवरा लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर बसायचा. तो दिवसभर दुसऱ्यांचे डाग काढी, ही दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा धुई, आणि संध्याकाळी दोघं एकमेकांकडे बघून न बोलता जेवत. सुखाचा संसार होता.

सिस्टरांनी चादर उचलली. पुढून, जिथे चहा सांडला होता, तिथे मांडी नुसती गुलाबी होती, लहान मुलाच्या गालासारखी. त्यांनी मास्तरांना जरा कुशीवर केलं आणि मागे बघितलं.

मांड्यांच्या मागच्या बाजूला आडवे पट्टे होते. सारख्या रुंदीचे, सारख्या अंतरावर, पट्टीने आखल्यासारखे. पाच.

२

"छडीचे वळ," फौजदार लगेच म्हणाले. "म्हणजे मारहाणही झालीये."

धाकटे डॉक्टर काही बोलले नाहीत. ते परवा सकाळपासून जागे होते, आणि बोलायला लागलं की आपण वाक्याच्या मधेच झोपू अशी त्यांना भीती वाटायची. त्यांनी मानेनेच सिस्टरांना विचारलं.

सिस्टरांनी हातमोजा घालून एका पट्ट्याच्या कडेला बोट टेकवलं. मास्तरांनी चौथ्या मात्रेची वाट न बघता किंकाळी फोडली. वळाला असं नुसतं बोट लावल्याने कोणी किंचाळत नाही. पण मग हे काय होतं? आम्लाने भाजलेली कातडी कडक होते, चामड्यासारखी, एखादं आम्ल तिला काळपट करतं, एखादं पिवळं. कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराने भाजलेली कातडी उलट बुळबुळीत होते, साबण धरल्यासारखी, आणि जखम आत आत खोदत जाते. ही कातडी ना कडक होती ना बुळबुळीत. करडट पांढरी, किंचित सुजलेली, बास. एवढ्याशा जखमेला एवढं दुखणं शोभत नव्हतं.

त्यांनी लिटमसचा निळा कागद घेतला. पुढच्या गुलाबी मांडीवर टेकवला, निळाच राहिला. मागच्या पट्ट्यावर टेकवला, लाल झाला. दोन पट्ट्यांच्या मधे टेकवला, पुन्हा जवळजवळ निळा.

"आम्ल आहे," डॉक्टर म्हणाले, "पण पट्ट्यापट्ट्याने?"

"ते नंतर. आधी पाणी," सिस्टर म्हणाल्या. काय लागलंय ते कळो न कळो, वाहतं पाणी अर्धा तास, हा त्यांचा एकमेव धर्म होता. तपासणीच्या खोलीत कोणीतरी पुढची मांडी तेवढी धुतली होती, कारण चहा पुढे सांडला असं सगळे सांगत होते.

मास्तरांना फवाऱ्याखाली धरलं तेव्हा सिस्टरांना दिसलं की त्यांच्या हातांची बोटं आपोआप आखडताहेत आणि वरचा ओठ उडतोय. डॉक्टरांची झोप त्याच क्षणी उडाली. मॉनिटरवर हृदयाची रेघ बघत त्यांनी एकाच ठोक्यातल्या दोन लाटांमधलं लांबलेलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. दुखणं थांबवायची दोन इंजेक्शनं आधीच देऊन झाली होती आणि ती पाण्यात दिल्यासारखी वाया गेली होती.

"एवढीशी कातडी भाजली म्हणून कोणाचं हृदय अडखळत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सिस्टर, हे जे काय आहे ते आत उतरतंय. रक्त तपासायला दिलंय, पण तिकडचं मशीन सकाळपासून रुसलंय. कशाने भाजलंय ते मला कोणीतरी सांगा. नाव कळलं तर उतारा आहे. नाही कळलं तर अंधार पडायच्या आत फौजदारांना दुसरा फॉर्म भरावा लागेल."

दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या वेटरने हे ऐकलं. त्याने ट्रे मांडीवर उपडा घातला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

३

सिस्टर त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. चौकशीसाठी कमी, पायासाठी जास्त.

वेटर शहाणा माणूस होता, विचारलं तेवढंच सांगत होता. चहा बिनदुधाचा, एकाच मोठ्या किटलीतला. पहिल्या रांगेत अकरा खुर्च्या होत्या, दहा जणांनी तो प्यायला, अकराव्याच्या मांडीवर सांडला. दहा जणांत समारंभाचे अध्यक्षही होते. "ते अजून बरे आहेत का?" सिस्टरांनी विचारलं. वेटर म्हणाला, त्यांनी त्यानंतर पन्नास मिनिटं भाषण केलं. फौजदारांनी हा पुरावा म्हणून लिहून घेतला.

चहा सांडला कसा, यावर मात्र तो एकच गोष्ट सांगत राहिला, की हात घसरला. तीनदा विचारलं, तीनदा तेच. चौथ्यांदा विचारायची वेळ आली नाही, कारण तेवढ्यात ट्रंपेटवाला आला.

ट्रंपेटवाला बँडमधला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. मास्तर पडल्यावर कार्यक्रम त्यानेच पुरा केला होता, आणि मास्तरांची छडी अजून त्याच्या काखेत होती. ती बघून मास्तरांच्या पत्नींनी टोपी आणखी घट्ट धरली. फौजदारांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. मास्तर गेले तर बँड कोणाचा होणार, हे वॉर्डातल्या खाटांनाही कळत होतं.

सिस्टरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तीस वर्षं किंचाळणाऱ्या माणसांकडे शांतपणे बघून बघून त्यांची नजर अशी झाली होती म्हणतात की एकदा एका चोराने तिच्यापुढे आपण न केलेली चोरीही कबूल केली. ट्रंपेटवाला तर साधा माणूस. त्याने छडी बाकावर ठेवली आणि सांगून टाकलं. वेटरच्या कोपराला धक्का त्यानेच दिला होता. गंमत म्हणून. मास्तर त्या पांढऱ्या शुभ्र पँटमध्ये सकाळपासून असे काही मिरवत होते, 'बघा, एक डाग नाही' असं प्रत्येकाला दाखवत होते, की त्याला राहवलं नाही.

"आणि तू का नाही सांगितलंस?" सिस्टरांनी वेटरला विचारलं.

"मला धक्का लागला म्हणणारा वेटर कोणाला हवा असतो, सिस्टर," तो म्हणाला. "हात घसरला म्हटलं तर एक दिवस ओरडतात. दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर पुन्हा बोलावत नाहीत."

ट्रंपेटवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याला ती विनोदी वाटत होती, किंवा सकाळी वाटली होती. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, मधे खोलगट. सांडलेला चहा खाली उतरून मास्तरांच्या बुडाखाली साचला. भाषणं चालू असताना उठणं बरं दिसत नाही म्हणून मास्तर दीड तास त्या डबक्यात ताठ बसून होते. अर्ध्या तासाने चुळबूळ करायला लागले. तासाभराने घाम. मग डोळ्यांत पाणी, आणि मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, भाषणाने गहिवरले.

"पँट कुठाय?" सिस्टरांनी विचारलं.

४

पँट तपासणीच्या खोलीतल्या पिशवीत होती. सिस्टरांनी हातमोज्यांची दुसरी जोडी चढवली आणि ती टेबलावर आधी उताणी पसरली. पुढे मांडीवर चहाचा मोठा तपकिरी डाग, एकसारखा. मग पालथी केली.

मागेही चहाच चहा होता, कारण मास्तर त्यातच बसले होते. पण त्या तपकिरी रंगात पाच आडवे पट्टे फिक्कट पडले होते, जवळजवळ पिवळसर पांढरे. कापड कुठे जळलेलं नव्हतं, एक भोकही नाही.

"साहेब, कोऱ्या चहात कधी लिंबू पिळलंय?" सिस्टरांनी फौजदारांना विचारलं.

फौजदारांनी पिळलं होतं.

"रंग काय होतो?"

"फिका पडतो."

"आंबटाने चहा फिका पडतो. आता इकडे बघा. आम्ल चहात असतं तर सगळा डाग सारखा फिका असता, आणि चहा जिथे पहिल्यांदा पडला तिथे मांडी सगळ्यांत जास्त भाजली असती. तिथे तर नुसती गुलाबी आहे. शिवाय अंगावर फेकायचं अ‍ॅसिड सुती कापडाची चाळण करतं, इथे दोरासुद्धा तुटलेला नाही. चहा शुद्ध होता. त्याने फक्त भिजवलं." त्या थांबल्या, कारण एवढं सलग बोलायचं त्यांना त्राण नव्हतं. "जे होतं ते पँटमध्ये होतं. चहा सांडायच्या आधीपासून. सुकलेलं. पाच पट्ट्यांत."

फौजदारांनी वहीतलं एक पान खोडलं. खोडताना त्यांना त्रास झाला, कारण ते पान नीट भरलं होतं. वेटरला सोडता येईल का, असं सिस्टरांनी विचारलं, तर म्हणाले, रिकामी जागा ठेवून मला घरी जाता येत नाही, कोणाचं तरी नाव लागतं. दुसरं मिळेपर्यंत हेच.

मग पँट कोणाच्या हातात होती, हा प्रश्न उरला, आणि सगळे मास्तरांच्या पत्नींकडे वळले.

बाईंनी हनुवटी वर केली. पँट त्यांनीच धुतली होती, त्यांनीच इस्त्री केली होती, दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. लग्न झाल्यापासून मास्तरांचा गणवेश त्या दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. साध्या साबणाने धुतात. हवं तर शपथ घेते म्हणाल्या.

फौजदारांनी नवीन पान उलटलं. आत मॉनिटरने एक लांबट, ओळखीचा नसलेला आवाज केला, आणि डॉक्टरांनी सिस्टरांना हाक मारली. पाय उचलता उचलता सिस्टरांची नजर पँटवर खिळली. बुडाशी सगळं चुरगळलं होतं, पण गुडघ्याखाली घडीची रेघ अजून उभी होती. पात्यासारखी धारदार, आणि दोन्ही पायांवर तंतोतंत एका जागी.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ही घडी घरच्या इस्त्रीने पडत नाही. मी लाँड्रीवाल्याची बायको आहे. आत तुमचे मालक चाललेत. खरं सांगा."

५

बाईंनी आधी रडून घेतलं, पण थोडक्यात.

मागच्या आठवड्यात मास्तर बागेतल्या लोखंडी बाकावर बसले. बाक पट्ट्यापट्ट्यांचं, रंग उडालेलं, आदल्या दिवशी पाऊस झालेला. उठले तेव्हा पांढऱ्या पँटच्या मागे गंजाच्या पाच रेघा उमटल्या होत्या. बाईंनी तीन दिवस घासलं, रेघा हलल्या नाहीत. मास्तर म्हणाले, पुलाचं उद्घाटन आहे आणि तुला एवढंही जमत नाही. शेवटी बाईंनी हार मानली आणि निदान घडी तरी बरी दिसावी म्हणून पँट गुपचूप लाँड्रीत दिली, फक्त इस्त्रीला. परत आली तर रेघा गायब. शुभ्र. बाईंना वाटलं, आपल्याच घासण्याला उशिरा फळ आलं असेल. मास्तरांनी विचारलं, कसं काढलंस? त्या म्हणाल्या, काढलं बाई कसंतरी. तेहतीस वर्षांत मास्तरांनी त्यांचं पहिल्यांदा कौतुक केलं होतं.

"ते मी परत द्यायला हवं होतं का, सिस्टर?" त्यांनी विचारलं.

सिस्टर ऐकत नव्हत्या. गंज म्हटल्याबरोबर त्यांना आपलं स्वयंपाकघर दिसलं. खूप वर्षांपूर्वी नवरा जेवता जेवता अंगठा धरून कळवळला होता. अंगठ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, आणि त्या त्याला म्हणाल्या होत्या, काय हे नखरे. सकाळी नखाखाली करडं झालं होतं. आधी दुखणं, खूण मागाहून. लाँड्रीत गंज काढायची एक पूड असते, तिचं काम. तेव्हापासून घरात त्या पुडीवरून कितीदा भांडणं झाली, आणि तरी आज दोन तास तेच दुखणं समोर किंचाळत होतं आणि त्यांना ओळखू आलं नव्हतं. थकलेल्या डोक्याला घरचं दुखणं वॉर्डात ओळखू येत नाही. तिथे ते दुसऱ्याचे कपडे घालून येतं.

त्यांनी वॉर्डातल्या फोनवरून लाँड्रीचा नंबर फिरवला.

"अहो, मी बोलतेय. पांढरी पँट. मागे गंजाच्या रेघा."

"पाच," पलीकडून उत्तर आलं. आवाजात हसू होतं. "निघाल्या ना? एकसुद्धा ठेवली नाही."

"पूड लावलीत?"

"मग काय थुंकी लावू?"

"नंतर धुतलीत?"

"धुणं मशीनवाल्याचं काम. पूड लावायची, डाग उडाला की टोपलीत टाकायचं, टोपली मशीनला जाते. तीस वर्षं सांगतोय तुला."

"ती पँट धुवायची नव्हतीच. इस्त्रीची होती."

पलीकडे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत राहिला. मग नवऱ्याचा, म्हणजे लाँड्रीतल्या डागवाल्यांचा आवाज आला, पण त्यात आता हसू नव्हतं. इस्त्रीचा ढीग टेबलाजवळून चालला होता, म्हणाले. त्यात ती वर दिसली. इतकी पांढरी पँट आणि तशा रेघा, बघवेना. उचलली, काढल्या, वाळू दिली, आणि जिथून उचलली होती तिथेच परत ठेवली. दुसऱ्याची वस्तू जिथली तिथे ठेवायची, ही रीत.

"इस्त्री कोणी केली?"

"आपल्या इस्त्रीवाल्या ताईने. का गं? कालपासून बोटं ठणकतायत म्हणतेय. मी म्हटलं, चटका बसला असेल."

"तिचे हात नळाखाली धरा. आणि तिला घेऊन इकडे या. पुडीचा डबा आणा, हातमोजे घालून. आत्ता."

फोन ठेवून त्या आत गेल्या आणि डॉक्टरांना एका वाक्यात सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि सिस्टरांना वाटलं झोपले. पण ते पुस्तकाचं पान आठवत होते. ही पूड ओली झाली की तिच्यातून फ्लोराइडचं आम्ल सुटतं. इतर आम्लं कातडीवर थांबतात, हे आत झिरपतं, आणि आत गेल्यावर जे दिसेल ते कॅल्शियम खात सुटतं. म्हणून बोटं आखडतात. म्हणून हृदय अडखळतं.

"कॅल्शियम," दोघं एकदम म्हणाले.

तयार मलम वॉर्डात नव्हतं. सिस्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेटच्या कुप्या फोडल्या आणि नळी सरकवताना वापरतात त्या जेलीत, एकास तीन भाग, स्टीलच्या वाडग्यात घोटलं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम सुरू केलं, थेंब थेंब, डोळे मॉनिटरवर. दुखणं मारायचं आणखी एकही इंजेक्शन द्यायचं नाही असं त्यांनी बजावलं, कारण आता दुखणं हाच मोजमापाचा काटा होता. जिथे थांबेल तिथे विष संपलं, जिथे थांबणार नाही तिथे अजून आत आहे.

सिस्टर पाची पट्ट्यांवर जेली चोळत राहिल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बँडमास्तर कण्हले, एक. कण्हले, दोन. तीन. सगळा वॉर्ड चौथ्या मात्रेसाठी थांबला.

ती आली नाही.

६

तीन पट्टे शांत झाले, दोन हट्टी निघाले. त्यांच्या कडेकडेने डॉक्टरांनी बारीक सुईने कातडीखाली कॅल्शियम टोचलं, मग तेही नमले. संध्याकाळपर्यंत मॉनिटरच्या रेघेतलं लांबलेलं अंतर आखडत आलं. कातडी किती मरते ते दोन-चार दिवसांत कळेल, डॉक्टर म्हणाले, कदाचित दोन ठिकाणी नवी लावावी लागेल. आज रात्र हृदयाची. ते पुन्हा अडखळलं नाही तर मास्तर वाजवतील. एवढं बोलून ते कपाटाला टेकून उभ्या उभ्या झोपले.

डागवाले इस्त्रीवाल्या ताईंना घेऊन आले. ताई चाळिशीच्या, गप्प स्वभावाच्या. दोन लेकरांचं घर त्यांच्या इस्त्रीवर चालायचं. त्यांची नखं करडी पडली होती. सिस्टरांनी हातमोज्यांच्या जोडीत जेली भरली आणि ते त्यांच्या हातांवर चढवले. ताई दोन्ही हात पुढे धरून बाकावर बसल्या, वेटरच्या शेजारी. नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. वेटरने खिशातला स्वच्छ रुमाल काढून ते काम केलं.

डागवाले दाराशीच उभे राहिले. पुडीचा डबा त्यांनी पोटाशी धरला होता. लांबून त्यांना खाटेवर पालथा पडलेला माणूस दिसत होता आणि त्याच्या मांड्या दिसत होत्या. तीस वर्षांत आपण काढलेला डाग नंतर कुठे जातो ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

फौजदार लाँड्रीच्या मालकाशी फोनवर बोलून परत आले.

"हल्ला नाही, निष्काळजीपणा. बरं झालं, छोटा फॉर्म आहे," ते म्हणाले. "मालक म्हणतो चूक इस्त्रीवालीची. कापड हातात आलं तर तिला कळायला हवं होतं. सोपं आहे." त्यांनी आवाज खाली आणला. ते मूर्ख नव्हते, फोनवर कोण कोणाला 'अहो' म्हणालं ते त्यांनी ऐकलं होतं. "सिस्टर, तुम्ही फक्त 'लाँड्रीतली पूड' एवढं लिहून द्या. कोणी लावली ते मालकाचं मालक बघेल. तुम्ही दमलाय, मी दमलोय."

सिस्टरांच्या हातात पेन होतं. 'लाँड्रीतली पूड' हे दोनच शब्द होते, खरे होते, आणि ते लिहून घरी जाता येत होतं. ताईंनी वर बघितलं नाही. त्या जेलीतल्या आपल्या बोटांकडे बघत होत्या, दुसऱ्या कोणाची असल्यासारख्या.

"साहेब," दारातून आवाज आला. "पँट मी उचलली. पूड मी लावली. हिने फक्त घडी घातली."

फौजदारांनी दमलेल्या डोळ्यांनी वळून बघितलं. "काका, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"पँटबद्दलही कोणी विचारलं नव्हतं," डागवाले म्हणाले.

फौजदारांनी फॉर्म काढला, वेटरचं नाव शेवटचं खोडलं आणि पोलिसांना हाताने खूण केली. वेटर उठला. सवयीने त्याने बाकावरचे दोन रिकामे ग्लास ट्रेमध्ये घेतले, ते ठेवून यायला कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत गेला, आणि तिथून कोणाचा निरोप न घेता जिना उतरला. ट्रंपेटवाल्याने छडी मास्तरांच्या उशाशी नेऊन ठेवली.

"यांना ओळखणारं कोणी?" फौजदारांनी फॉर्मवरूनच विचारलं.

"मी," सिस्टर म्हणाल्या.

"नातं?"

"बायको."

त्यांनी ते लिहिलं. पुढची जागा रिकामी होती. "कलम कोणतं लावायचं ते मास्तरांवर आहे," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना जांभई आली नाही. "जगले तर एक, गेले तर दुसरं. उद्या सकाळी भरतो. काका, तोवर चला माझ्याबरोबर."

डागवाल्यांनी डबा टेबलावर ठेवला. बायकोकडे बघायचं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते तिच्या पायांकडे बघत होते.

"केवढे सुजलेत गं," ते म्हणाले.

"दुपारची गोळी घेतलीत?"

"विसरलो."

सिस्टरांनी वॉर्डाच्या कपाटातून गोळी काढली, ग्लासात पाणी दिलं, आणि त्यांनी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग ते फौजदारांच्या मागोमाग गेले. जिन्यावर त्यांची पावलं कितीतरी वेळ ऐकू येत होती, कारण दोन्ही माणसं हळू उतरत होती.

सिस्टरांची पाळी संपून तास झाला होता. रात्रीच्या सिस्टर आल्या, चार्ट बघितला आणि म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही जा आता, मी बघते यांना. जेली चार तासांनी, रेघ दर पंधरा मिनिटांनी, लिहिलंय सगळं.

थोरल्या सिस्टरांनी बूट काढले, स्टूल ओढलं आणि मास्तरांच्या खाटेला लावलं.

"बाकीचे तू बघ," त्या म्हणाल्या. "हे माझे आहेत."